खाणीचे पाणी, नदीचे पाणी



हिरण्यकेशीच्या काठी मी आज चंद्रपूरच्या इरई नदीविषयी बोलणार आहे. तिच्या परिसरात दगडी कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. कोळशापर्यंत पोचण्यासाठी वरची माती व खडक उपसून त्यांचे ढिगारे रचावे लागतात. पावसात ही माती वाहून आली की पात्र उथळ होते. शिवाय कोळशात गंधकयुक्त लोहखनिज असल्यास हवा व पाणी यांच्या संयोगाने गंधकाम्ल तयार होते.

उपाय ठाऊक आहेत. ढिगारे नदीपासून दूर रचावेत, त्यांवर गवत व झाडे लावावीत, भोवती चर खणून गढूळ पाणी तळ्यात निवळू द्यावे. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे. लिटरमागे १०० मिलिग्रॅमहून अधिक तरंगता गाळ नदीत सोडू नये, असे मानकही आहे. परंतु पाणी मोजले गेले तरच त्याला अर्थ; आणि ही मोजणी भर पावसात व्हावयास हवी.

इरईचे पाणी वर्धेवाटे गोदावरीला मिळते, आपले घटप्रभेवाटे कृष्णेला. वरच्या गावाने सोडलेले खालच्या गावाला प्यावे लागते, हा न्याय दोन्हीकडे सारखाच. म्हणून या शाळेच्या प्रयोगशाळेने दर पावसाळ्यात हिरण्यकेशीचे पाणी तपासून आकडे फलकावर लिहावेत, अशी माझी विनंती आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांना हीच आदरांजली ठरेल.