तंबू कुठे ठोकायचा?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक स्नेहमेळाव्यात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण. सर्वांच्या आग्रहावरून ते जवळजवळ बोलले तसेच येथे छापत आहोत. – स्मरणिका समिती)



मला दहा मिनिटं दिली आहेत. मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली, त्यामुळे दहाची वीस होतील. चहावाल्याला तसं आधीच सांगून ठेवलंय.

कमिटीपुढे प्रस्ताव आलाय की, रौप्यमहोत्सवी वर्षात सगळ्या कुटुंबांनी मिळून सह्याद्रीत दोन रात्रींचं शिबिर करावं. तंबूत राहायचं, शेकोटी करायची, पोरांना जंगल दाखवायचं. प्रस्ताव चांगलाय, माझा पाठिंबा आहे. नावं तीन आलीत : भंडारदरा, तापोळा आणि दाजीपूर. मी शाळेत स्काउटचा शिक्षक होतो म्हणून कमिटी म्हणाली, ‘सर, जागा कुठली घ्यायची ते तुम्हीच सांगा.’

आता हा प्रश्न मला विचारावा आणि मी त्याचं उत्तर द्यावं, यात एक गंमत आहे. जुन्या सभासदांना ती ठाऊक आहे. नव्यांसाठी सांगतो.

आपली सोसायटी होऊन पाचेक वर्षं झाली होती. दिवाळीच्या सुट्टीत मी सोसायटीतली तेवीस पोरं घेऊन घाटाकडे शिबिराला गेलो होतो. सोबत तीन पालक. संध्याकाळी जागा बघायला लागलो. एका ओढ्याच्या कडेला वाळूची छान सपाटी होती. दगड नाही, काटा नाही, पाणी दहा पावलांवर. मी म्हटलं, यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. तिथून म्हशी घेऊन एक म्हातारा धनगर चालला होता. तो थांबला आणि म्हणाला, ‘मास्तर, हितं नगा राहू. वर जावा, त्या टेपाडावर.’ वर जायचं म्हणजे सामान पुन्हा उचलायचं. पोरं दमलेली. आणि खरं सांगू का, थोडा अहंकारही होता. मी स्काउट मास्तर, मला हा सांगणार! मी हसून मान डोलावली आणि तंबू तिथेच ठोकले.

रात्री आमच्याकडे पावसाचा थेंब नव्हता. आकाशात चांदण्या होत्या. लांब घाटमाथ्यावर नुसत्या विजा चमकत होत्या. साडेबाराच्या सुमाराला मला आवाज आला, लांबून मालगाडी यावी तसा. उठून बघतो तर पाणी तंबूच्या दोरीला लागलेलं. आरडाओरडा केला, पोरं ओढून बाहेर काढली, अंधारात टेपाडाकडे पळवली. वर जाऊन मोजली. बावीस. पुन्हा मोजली. बावीसच.

तेविसावं पोरगं नऊ वर्षांचं होतं. गाढ झोपेचं. सगळ्यात कडेच्या तंबूत होतं. आमच्यातला एक पालक कमरेला दोरी बांधून पाण्यात उतरला. करंजाच्या बुंध्याला मिठी मारून ते पोरगं उभं होतं, पाणी छातीपर्यंत आलेलं. त्याला वर आणलं. तंबू गेले, भांडी गेली, शेंगाचटणीचा डबा गेला. पोरं सगळी घरी आली. पण ते मोजताना बावीस आले तेव्हाचा जो क्षण आहे, तो वीस वर्षं झाली, अजून माझ्याबरोबर आहे.

ते पोरगं आता कमिटीत आहे. शिबिराचा प्रस्ताव त्यानेच मांडलाय. (टाळ्या) टाळ्या त्याला द्या, मला नको.

तर मला जे काय सांगायचंय ते त्या रात्रीतून आलेलं आहे.

आपण अक्कलकोटची माणसं. आपल्याकडे माळरान, काळी जमीन, पाऊस बेताचा. आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला त्याच्या दहापट पडतो. आपल्याकडे बोरी नदीला पाणी आलं की आपण कुरनूर धरणावर बघायला जातो. म्हणजे पाणी आपल्याला पाहुण्यासारखं. डोंगरातलं पाणी तसं नसतं. पाऊस पडतो एकीकडे, आणि पाणी येतं दुसरीकडे. ओढ्याचा उतार तीव्र असतो, त्यामुळे वर पडलेला पाऊस थोड्याच वेळात खाली पोहोचतो. ती मऊ वाळूची सपाटी कुणी केलेली असते? पाण्यानेच. म्हणजे ती जागा त्याचीच असते, आपण नुसते भाडेकरू. आणि मालक नोटीस देत नाही.

हे फक्त माझ्यासारख्या हौशी माणसाचंच होतं असं नाही. स्पेनमध्ये पिरेनीज पर्वतात बिएस्कास नावाचं गाव आहे. तिथे रीतसर परवानगी घेतलेलं, सगळ्या सोयी असलेलं तंबूंचं मैदान होतं. घळीतून येणारा ओढा जिथे दरीत उतरतो, त्या पंख्यासारख्या पसरलेल्या गाळाच्या जमिनीवर ते वसवलं होतं. ७ ऑगस्ट १९९६ च्या संध्याकाळी वर ढगफुटीसारखा पाऊस झाला, ओढ्यावरचे बांध फुटले आणि ८७ माणसं गेली. कागद सगळे बरोबर होते, जागा चुकीची होती. म्हणून कुणी म्हटलं की ‘तिथे सगळे राहतात, काही होत नाही’, तरी आपण आपल्या डोळ्यांनी बघायचं.

काय बघायचं? पहिलं, पाण्याची खूण. ओढ्याकाठच्या झाडांच्या फांद्यांत वाळलेलं गवत, काटक्या, प्लास्टिक अडकलेलं असतं. जितक्या उंचीवर कचरा, तितक्या उंचीवर पाणी येऊन गेलेलं आहे. आपण त्याच्या बरंच वर राहायचं. धरणाच्या खालच्या अंगाला नदीकाठी तर मुळीच नाही. पाणी सोडलं की पात्र भरतं. धरणाच्या वरच्या अंगाला, जलाशयाच्या कडेला राहायचं असेल तर पाण्याच्या रेघेपासून लांब.

दुसरं, डोंगराचा उतार. मागे डोंगर तुटलेला, ताजी माती दिसतेय, झाडं तिरकी झालीत, तर ती जागा सोडायची. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं. दीडशेहून जास्त माणसं गेली. म्हणून पावसाळ्यात शिबिर हा विषयच माझ्या यादीत नाही. कुणी म्हणेल, हिरवंगार असतं. असू दे. डिसेंबर-जानेवारीतही सह्याद्री बघण्यासारखा असतो.

तिसरं, डोक्यावर काय आहे. सावलीचं झाड बघून आपण लगेच खाली बसतो. आधी मान वर करा. वाळकी फांदी आहे का? आग्या मोहोळ आहे का? कड्याला किंवा उंच झाडाला काळी परात टांगल्यासारखं दिसतं ते आग्या मोहोळ. खाली शेकोटी केली, धूर वर गेला की माश्या उठतात. गडांवर असे प्रकार नेहमी होतात. एकट्या उंच झाडाखाली आणि उघड्या माथ्यावरही तंबू नको. अवकाळी पावसात वीज अशाच ठिकाणी पडते.

चौथं, थंडी. आपल्याला वाटतं, खोलगट जागा म्हणजे वारा कमी, ऊब जास्त. उलट असतं. रात्री गार हवा जड होते आणि खाली खोलगटात साचते. पाण्याच्या कडेला दवही जास्त. म्हणून ना माथा, ना तळ; मधली सपाटी, थोड्या झाडांच्या आडोशाची. थोडा उतार असेल तर डोकं चढाकडे करून झोपायचं. आणि सोलापुरी चादरी घ्या, पण एकेक नाही, दोन-दोन. एक अंगाखाली. थंडी जमिनीतून जास्त लागते.

थंडीवरून एक अगदी महत्त्वाचं. शेगडी, निखारे, गॅसची चूल, काहीही बंद तंबूत न्यायचं नाही. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस उठत नाही. हे मी पुन्हा सांगतो, पोरांनो, तुम्हीही ऐका : विस्तव तंबूच्या बाहेर. आणि बाहेरसुद्धा परवानगी असेल तिथेच. गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी उडाली तर वणवा लागतो.

पाचवं, जनावरं. बिबट्याची भीती सगळ्यांनाच, पण खरी काळजी खरकट्याची. खरकटं टाकलं की कुत्री येतात, रानडुकरं येतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. जेवण झालं की सगळं बांधून गाडीत. तंबूची चेन रात्रभर बंद. बूट झटकून घालायचे. रात्री लघवीला जाताना बॅटरी आणि पायात चप्पल. साप चावला तर मांत्रिक नाही, ब्लेड नाही, आवळून दोरी नाही. माणसाला शांत ठेवायचं, हातपाय हलवू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन करायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. जवळच्या सरकारी दवाखान्यात ती आहे का, हे इथून निघायच्या आधी फोन करून विचारायचं. तंबूच्या जागेवर मोबाईलला रेंज आहे का, नसेल तर किती अंतरावर येते, हेही बघून ठेवायचं.

आता तीन नावांकडे येतो.

भंडारदरा सुंदर आहे, वादच नाही. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं, त्याचा तो जलाशय. मागे कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ बघण्यासारखं आहे. तंबूंचा व्यवसाय तिथे चांगला रुळलाय. पण इथून अंतर चारशे किलोमीटरच्या वर. जायला एक दिवस, यायला एक दिवस. आपल्यात सत्तरी ओलांडलेले नऊ जण आहेत, माझ्यासकट. आमच्या गुडघ्यांचा विचार करा.

तापोळा म्हणजे कोयनेच्या जलाशयाचा काठ. कृषी पर्यटनाची घरं आहेत, त्यामुळे ज्यांना तंबू नको त्यांना खोली मिळते. पण महाबळेश्वरहून खाली उतरणारा रस्ता अरुंद आणि वळणाचा. आपली पन्नास सीटची बस नेण्याआधी विचार करावा लागेल.

दाजीपूर. सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर, पुढे राधानगरी. राधानगरीचं अभयारण्य १९५८ सालचं, महाराष्ट्रातलं पहिलं, गव्यांसाठी राखलेलं. राजर्षी शाहू महाराजांनी ज्याचा पाया घातला ते धरण तिथेच. जंगल दाट, आणि प्रवास तिघांत कमी. पण एक समजून घ्या. अभयारण्यात आपल्या मनाने कुठेही तंबू ठोकता येत नाही. तिथे वन खात्याची परवानगी लागते आणि ते योग्यच आहे, कारण ते गव्याचं घर आहे. तेव्हा माझं मत असं : मुक्काम अभयारण्याच्या बाहेर, राधानगरीच्या बाजूला, एखाद्या शेतकऱ्याच्या माळावर, त्याची रीतसर परवानगी घेऊन, पैसे देऊन. सकाळी परवाना काढून दाजीपूरचं जंगल बघायचं. दवाखाना, पेट्रोल पंप, किराणा हाताशी राहील. आणि आपला पैसा त्या गावात राहील.

हे माझं मत झालं. पण इथे बसून जागा नक्की करू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. मोबाईलवरच्या फोटोत जागा दिसते, पाणी कुठपर्यंत येतं ते दिसत नाही. आधी चार जणांनी जाऊन यावं. त्यात एक बाई असलीच पाहिजे, कारण संडास-बाथरूमची व्यवस्था पुरुष बघून येतात आणि ‘सगळं ठीक आहे’ म्हणतात. (हशा) संडास पाण्यापासून शंभर पावलं लांब आणि उताराच्या अंगाला हवा. स्वयंपाक वरच्या अंगाला. जागेवरून बाहेर पडायला दोन वाटा आहेत का बघा. एका वाटेवर ओढा आडवा येत असेल तर ती वाट धरूच नका. आणि एक रात्र तिथे राहून या. दिवसा चांगली दिसणारी जागा रात्री वेगळी असते.

आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. ‘इथे राहिलं तर चालेल का?’ असं नाही विचारायचं. पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून तो ‘चालतंय की’ म्हणेल. विचारायचं, ‘पावसाळ्यात पाणी कुठवर येतं? तुमची जनावरं तुम्ही रात्री कुठे बांधता?’ जिथे तो आपली म्हैस बांधतो, तिथे आपली पोरं झोपवायला हरकत नाही.

त्या धनगराचं नाव मी विचारलं नव्हतं. सकाळी तो परत आला, ओली पोरं बघितली आणि काही बोलला नाही. घरून दुधाची बरणी घेऊन आला. पैसे देऊ केले, घेतले नाहीत. मी त्याची माफी मागायला हवी होती. ती राहिली. म्हणून आज तुमच्यापुढे मागतो, आणि त्या तेवीस पोरांच्या आई-वडिलांचीही, ज्यांनी त्यानंतरसुद्धा माझ्याशी बोलणं सोडलं नाही. पंचवीस वर्षं एका आवारात राहणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

शिबिराला मी येणार आहे. तंबू कुठे ठोकायचा ते तेविसावा ठरवील. मी फक्त रात्री झोपायच्या आधी सगळ्यांची मोजणी करीन, दोनदा.

आता चहा घ्या.