खरवडू नका, सुटू द्या



काचेच्या बरणीवरचं कागदी लेबल नखानं खरवडून पाहिलंय कधी? अर्धा कागद चिकटून राहतो आणि नख दुखतं ते वेगळंच. तीच बरणी थोडा वेळ पाण्यात ठेवली, की खळ सैल होते आणि कागद अलगद सुटून येतो. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. नाजूक त्वचेच्या माणसांना मी वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहे, की चेहरा खरवडू नका, वरचा थर सुटू द्या.

मागच्या उन्हाळ्यात एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. चेहरा खरखरीत आणि निस्तेज वाटतो, म्हणून त्या लिंबाची फोड साखरेत बुडवून रोज गालांवर चोळत होत्या. पंधरा दिवसांत गालांची आग व्हायला लागली, चट्टे उठले आणि ते बसताना मागे काळे डाग राहिले. "डॉक्टर, लिंबू तर घरातलंच आहे ना?" त्यांनी विचारलं.

घरातलं आहे, पण चेहऱ्यासाठी नाही. निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ४.५ ते ५.५ असतो. लिंबाच्या रसाचा असतो २ च्या आसपास. या मोजपट्टीवर एक अंक खाली उतरलं की आम्लता दहापट होते. म्हणजे लिंबाचा रस त्वचेपेक्षा शेकडो पटींनी तीव्र आहे. त्यात साखरेचे कण ओरखडे काढतात. आणि लिंबाच्या सालीतल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं, तर त्वचा भाजल्यासारखी होते. लिंबू जेवणाच्या ताटातच शोभतं. वज्रीही टाचेपुरतीच ठेवा. दिवाळीच्या पहाटे अंगाला तेल जिरवून हलक्या हातानं लावलेलं उटणं वेगळं आणि कोरड्या चेहऱ्यावर रोज घासलेला दाणेदार स्क्रब वेगळा.

मग खरखरीतपणा जायचा कसा? आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. खालून नव्या पेशी वर सरकतात आणि जुन्या, डोळ्यांना न दिसता, गळून पडतात. तरुणपणी या फेऱ्याला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढलं की जास्त. या मृत पेशी एकमेकींना प्रथिनांच्या सूक्ष्म टाक्यांनी जोडलेल्या असतात. सौम्य आम्ल हे टाके सैल करतं. पाणी बरणीवरच्या खळीचं जे करतं, तेच.

१९७४ मध्ये अमेरिकेतल्या व्हॅन स्कॉट आणि यू या दोन संशोधकांनी इक्थिओसिस या विकारावर एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. या विकारात त्वचेवर माशासारखे खवले धरतात. अल्फा हायड्रॉक्सी आम्लं लावल्यावर ते खवले सुटतात, असं त्यांना आढळलं. आज सीरमच्या बाटल्यांवर दिसणाऱ्या 'एएचए' या अक्षरांमागे आजारी त्वचेसाठी केलेलं हे काम आहे.

ही सगळी आम्लं सारखी नाहीत. उसात सापडणारं ग्लायकोलिक आम्ल यांतलं सर्वांत लहान रेणूचं. ते झटकन आत शिरतं, म्हणून जास्त झोंबतं. नाजूक त्वचेनं त्याच्यापासून सुरुवात करू नये. लॅक्टिक आम्लाचा रेणू जरा मोठा. शेले या शास्त्रज्ञानं १७८० मध्ये ते आंबलेल्या दुधातून वेगळं काढलं. आपल्या त्वचेत ओलावा धरून ठेवणारी जी नैसर्गिक द्रव्यं असतात, त्यांतही ते असतं. म्हणून कोरड्या त्वचेला ते मानवतं. कडू बदामाशी नातं असलेलं मँडेलिक आम्ल लॅक्टिकपेक्षाही मोठ्या रेणूचं, आणखी सावकाश शिरणारं. आणि सर्वांत शांत म्हणजे ग्लुकोनोलॅक्टोन आणि लॅक्टोबायोनिक आम्ल. यांना पॉलिहायड्रॉक्सी आम्लं म्हणतात. ती त्वचेत हळूहळू उतरतात आणि पाणी धरून ठेवतात. चेहरा चटकन लाल होणाऱ्यांनी पहिला विचार यांचा करावा. सॅलिसिलिक आम्ल तेलकट, मुरुमांच्या त्वचेसाठी उपयोगी. मात्र ज्यांना अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी ते टाळावं आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

आता वापरायचं कसं? लॅक्टिक आम्ल असेल तर ५ टक्क्यांच्या आतबाहेर सुरुवात पुरेशी आहे. अमेरिकेतल्या एका तज्ज्ञ समितीनं १९९८ मध्ये घरी वापरायच्या एएचए उत्पादनांसाठी मर्यादा सांगितली, ती अशी : प्रमाण १० टक्क्यांपर्यंत, सामू ३.५ किंवा त्याहून वर आणि सोबत उन्हापासून संरक्षण. ही वरची हद्द आहे, नाजूक त्वचेनं ती गाठायची गरज नाही.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला सलग तीन-चार रात्री थोडंसं लावून पाहा. काही झालं नाही, तर आठवड्यातून एकदा, रात्री, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर पातळ थर लावा. डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडा सोडा. वर साधं, सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर लावा. मिनिटभर हलकं चुरचुरलं तर चालेल. आग होत राहिली तर लगेच पाण्यानं धुऊन टाका. महिनाभर सगळं ठीक राहिलं, तरच आठवड्यातून दोनदा करा. त्याच रात्री रेटिनॉल किंवा दुसरं आम्ल नको. थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा दाढीनंतर त्वचा शांत होईपर्यंत थांबा.

सकाळी सनस्क्रीन लावायचंच, किमान ३० एसपीएफचं. एएचएमुळे त्वचा उन्हाला हळवी होते आणि वापर थांबवल्यावरही काही दिवस तशीच राहते. आपल्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेसाठी हे फार महत्त्वाचं आहे. गोऱ्या त्वचेवरची जळजळ बहुधा लाली देऊन ओसरते. आपल्याकडे मात्र ती मागे काळा डाग ठेवते आणि तो जायला महिनोन् महिने लागतात. डाग घालवायला लावलेल्या आम्लानंच नवा डाग पडू शकतो.

आणखी एक कळकळीचं सांगणं. गोरेपणासाठी म्हणून दुकानातून आणलेलं स्टेरॉइडचं मलम अनेकांनी महिनोन् महिने चेहऱ्याला चोळलेलं असतं. त्यानं त्वचा पातळ होते आणि साध्या पाण्यानंही झोंबते. अशी अनेक मलमं २०१८ मध्ये केंद्र सरकारनं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांत घातली. तुमची त्वचा अशा मलमानं हळवी झाली असेल, किंवा इसब, रोझेशिया, उघडी जखम असेल, तर कुठलंच आम्ल लावू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

त्या शिक्षिकांना मी पहिले दोन महिने आम्ल दिलंच नाही. फक्त सौम्य क्लिन्झर, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. आग थांबल्यावर आठवड्यातून एक रात्र ग्लुकोनोलॅक्टोन. दिवाळीपर्यंत गाल मऊ झाले होते. डाग फिके पडले होते, पूर्ण गेले नव्हते, आणि ते मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

श्रोतेहो, एका रात्रीत चेहरा उजळवण्याचं आश्वासन देणारी बाटली दिसली, तर ती खाली ठेवा. नवी पेशी वर यायला चार आठवडे लागतात. तेवढे दिवस आपल्या त्वचेला द्या.