वेदनाशामक औषधांचे व्यसन : निर्व्यसनी घरासमोरील नवे आव्हान



सप्तव्यसनांत मद्य आहे, द्यूत आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील गोळी त्यांत नाही. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या निर्व्यसनी असलेल्या घरातही ती निःशंकपणे प्रवेश करते आणि तिचे व्यसन जडले तरी ते दीर्घकाळ कोणाच्या ध्यानात येत नाही.

बुलढाणा जिल्हा शेतीचा आणि व्यापाराचा. कापूस वेचून कंबर धरते, दिवसभर दुकानाच्या गादीवर बसून पाठ आखडते, उतारवयात गुडघे बोलू लागतात. मग मेडिकलमधून 'दुखण्याची गोळी' येते. जुनीच चिठ्ठी पुन्हापुन्हा दाखविली जाते. पुढे तीही कोणी मागत नाही.

या गोळ्यांतील भेद जाणणे आवश्यक आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या औषधांची नशा चढत नाही. मात्र त्यांच्या अतिसेवनाने जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल, कोडीन ही औषधे मात्र अफूच्या कुळातील. मेंदूला त्यांची सवय होते, एका गोळीचे काम दोन गोळ्या करू लागतात. गोळी चुकली की घाम, अंगदुखी, अस्वस्थता, निद्रानाश सुरू होतो. रुग्णाला वाटते, जुने दुखणेच बळावले. म्हणून तो पुन्हा गोळी घेतो. या फसगतीतच व्यसनाचे मूळ आहे.

दिल्लीच्या 'एम्स'ने केंद्र शासनासाठी केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे ०.९६ टक्के, म्हणजे शंभरात जवळजवळ एक व्यक्ती, अफूवर्गीय औषधांचा गैरवापर करीत होती.

कायदा जागा आहे. १ मार्च २०१४ पासून 'एच-१' अनुसूचीतील औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे आणि ती तीन वर्षे जपणे विक्रेत्यावर बंधनकारक झाले. त्या यादीत ट्रामाडॉल होते. एप्रिल २०१८ मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही आले. तरीही लोभ वाट काढतो. मुंबईच्या एका कंपनीची टॅपेन्टाडॉल व कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाची गोळी घाना, नायजेरिया या देशांतील तरुणांना व्यसनात लोटत असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये 'बीबीसी'ने उघडकीस आणले. त्यानंतर भारत सरकारने त्या मिश्रणाचे उत्पादन व निर्यात थांबविली. समाजातील ज्या कुटुंबांचा औषधविक्रीचा व्यवसाय आहे, त्यांनी या घटनेचे चिंतन करावे. न्यायाने मिळविलेले धन हा श्रावकाचा पहिला अलंकार. चिठ्ठीवाचून गेलेली एक पट्टी त्या अलंकाराला डाग लावते.

याचा अर्थ वेदनाशामके त्याज्य आहेत, असा नव्हे. कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन ही करुणाच आहे. १९८५ च्या कायद्याने ते मिळणे दुष्कर झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती अडचण बरीच सुसह्य केली. स्वेच्छेने परीषह सहन करणे ही साधना. दुसऱ्यावर वेदना लादणे ही हिंसा.

ज्याला व्यसन जडले, त्याचे काय? २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने 'मुक्तांगण' सुरू केले. गर्दच्या विळख्यातील तरुणांसाठी उभ्या राहिलेल्या या केंद्राने महाराष्ट्राला शिकविले, की व्यसन हा आजार आहे आणि व्यसनी माणूस हा रुग्ण आहे. घराण्याचे नाव जाईल, मुलामुलींची लग्ने अडतील, या भीतीने तो रुग्ण घरातच दडविला जातो आणि उपचाराची वेळ निघून जाते. ही भीती दूर करणे समाजाच्याच हाती आहे.

तेव्हा प्रत्येक घराने औषधांचा डबा एकदा उघडून पाहावा. चिठ्ठीची मुदत संपली की गोळीही थांबावी. मात्र महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एकाएकी बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा उतरवीत न्यावी. १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात निर्व्यसनी समाजाची व्याख्या एवढी व्यापक झाली, तरी पुढील पिढी ऋणी राहील.

जय जिनेंद्र!