आधी स्वतःचा टंच

(कोलकात्यातील खिदिरपूर येथे मराठी मंडळींपुढे वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



उद्योजक व्हायचं तर माझ्यात काय हवं आणि ते आहे की नाही हे ओळखायचं कसं, हा आजचा विषय. समोर सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईच्या दुकानांतली मंडळी बसली आहेत, नोकरदार आहेत, कॉलेजातली मुलंमुली आहेत. स्वतःचं काहीतरी सुरू करायचं तुमच्यापैकी अनेकांच्या मनात घोळत असणार. भांडवल, परवाने, जागा, बाजारभाव यांची चौकशी आपण चार ठिकाणी करतो. पण हे सगळं ज्या माणसाच्या जिवावर उभं राहायचं, त्या माणसाची चौकशी करायची राहून जाते. केलीच तर एखादी यादी समोर धरून करतो. धाडस आहे का? आहे. चिकाटी? आहे. आत्मविश्वास? भरपूर! या परीक्षेत कोणी नापास झाल्याचं ऐकलंय का? म्हणूनच ती परीक्षा निरुपयोगी आहे.

मला आज एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. उद्योजकाचे गुण विचारून कळत नाहीत, ते कामात उतरल्यावर कळतात. तेव्हा स्वतःची परीक्षा प्रत्यक्ष कामात घ्या. लहान प्रमाणात, झेपेल एवढ्याच खर्चात आणि मोठा पैसा अडकण्याआधी घ्या.

आपण बसलो आहोत त्या परिसरापासूनच सुरुवात करू. वाटगंज हे नाव तुमच्या रोजच्या तोंडात आहे. ते ज्याच्यावरून पडलं तो कर्नल हेन्री वॉटसन अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधला मुख्य अभियंता होता. त्यानं इथं नदीकाठी जागा मिळवली आणि जहाजबांधणीचा कारखाना व गोदी उभारायला घेतली. नजर त्याची अचूक होती. पुढं शंभरेक वर्षांनी, 1892 साली, खिदिरपूरची गोदी सुरू झालीच. ‘नॉनसच’ आणि ‘सरप्राइज’ ही जहाजंही त्यानं बांधून पाण्यात सोडली. पण जागेच्या मालकीवरून वाद लागला, गोदीचं काम अर्ध्यावर राहिलं, आणि दहा लाखांच्या आसपास रुपये त्यात घालून वॉटसन बाजूला झाला. त्या काळचे दहा लाख!

त्याच काठावर पुढं दुसरा माणूस आला, जेम्स किड. वडील कंपनीच्या लष्करातले अधिकारी, आई हिंदुस्थानी. 1791 नंतर कंपनीनं अशा मिश्र वंशाच्या मुलांना आपल्या मुलकी आणि लष्करी नोकऱ्यांची दारं बंद केली होती. किडनं कंपनीचे जहाजबांधणीचे उस्ताद वॉडेल यांच्या हाताखाली उमेदवारी केली. लाकूड, सांधे, कारागीर, हिशेब हे सगळं दुसऱ्याच्या गोदीत शिकून झालं, आणि वॉडेल निवृत्त झाल्यावर भावाबरोबर त्यानं ती गोदीच घेतली. 74 तोफांचं ‘हेस्टिंग्ज’ हे लढाऊ जहाज किडच्या हातचं. सागवानी शिडाच्या जहाजांवर नाव कमावलेल्या या माणसाच्या गोदीतून 1823 साली ‘डायना’ ही वाफेवर चालणारी बोट पाण्यात उतरली, आणि पुढच्याच वर्षी ती ब्रह्मदेशच्या लढाईत कामाला आली.

दोघांत हुशार कोण, हा प्रश्न मी विचारत नाही. मोठं स्वप्न, अधिकार, पैसा हे वॉटसनजवळ किडपेक्षा जास्तच होतं. फरक मला दोन ठिकाणी दिसतो. किडनं मालक होण्याआधी त्याच कामात उमेदवारी केली. म्हणजे आपल्याला हे जमतं का, याचं उत्तर त्याला दुसऱ्याच्या गोदीत, स्वतःचा पैसा न घालता मिळालं. आणि हातात असलेली विद्या जुनी होऊ लागली तेव्हा तो नव्या विद्येला तोंड द्यायला तयार होता. शिकण्याची तयारी आणि शिकलेलं मागे टाकण्याची तयारी हे दोन वेगळे गुण आहेत. पहिला पुष्कळांत असतो, दुसरा फार थोड्यांत.

आता आपल्याच माणसांकडे येऊ. सांगली जिल्ह्यातला खानापूर-आटपाडीचा पट्टा, विट्याच्या आसपासची गावं. पावसाचा भरवसा नाही, शेतीवर घर चालत नसे. तिथली माणसं सोनं-चांदी गाळण्याचं काम शिकली आणि देशभर पसरली. सराफबाजार म्हटला की एखाद्या गल्लीत विट्याकडचा गलाईवाला असायचाच. कोलकात्यात बहूबाजार-बडाबाजारातही आहेत, आणि त्यांतले काही आज माझ्यासमोर बसले आहेत. ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हे वाक्य ज्यांच्या तोंडी बसलं आहे, त्यांनी एकदा या दुकानात जाऊन उभं राहावं.

काम कसं चालतं ते तरुण मुलांसाठी सांगतो. सोनाराकडून भेसळीचं सोनं येतं. त्यात साधारण तिप्पट चांदी घालून ते वितळवायचं, मग बारीक दाणे करून तेजाबात उकळायचं. चांदी तेजाबात उतरते, तळाशी तपकिरी भुकटी उरते. दिसायला मातीच! ती धुवायची, टाकणखार घालून मुशीत पुन्हा वितळवायची, की पिवळंधमक सोनं हाती येतं. तेजाबाचा धूर वाईट, भट्टीची धग वाईट, आणि या सगळ्या वेळात गिऱ्हाइकाचा लाखोंचा माल तुमच्या ताब्यात. लेखी करार कमी, शब्द जास्त.

या धंद्यात मालक होण्याची वाट बहुतेकांची एकच असते. पोरगा आधी मामाच्या, काकाच्या किंवा गाववाल्याच्या दुकानात येतो. झाडलोट करतो, भट्टी सांभाळतो. तराजू त्याच्या हातात लगेच येत नाही. जाणता मालक तोपर्यंत त्याला निरखत असतो. मुशीला चिकटून राहिलेला कण पोरानं आपणहून दाखवला का? वजन कमी भरलं तेव्हा तो गप्प राहिला की बोलला? गिऱ्हाईक तापलं तेव्हा यानं आवाज चढवला का? दोन-चार वर्षांत त्या पोराचा टंच, म्हणजे कस, निघालेला असतो, आणि मग मालकच म्हणतो, “आता तू तिकडं दुकान टाक, सुरुवातीला मी बघतो.” ही निवड कुठल्या प्रश्नपत्रिकेवर होत नाही, तरीही ती सहसा चुकत नाही, कारण ती खऱ्या मालावर आणि खऱ्या मोहापुढं झालेली असते.

इथं एक जण विचारेल, गुण जन्माचे असतात की घडवता येतात? या प्रश्नाचा शास्त्रीय तपास आपल्याच देशात झालेला आहे. डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं काहीतरी करून दाखवण्याच्या ओढीचा अभ्यास केला. कडी खुंटीवर टाकण्याच्या खेळात ज्यांच्यात ही ओढ जास्त, ती माणसं खुंटीच्या अगदी जवळ उभी राहत नाहीत आणि फार लांबही जात नाहीत. जिथून नेम लागेल, पण कष्टानंच लागेल, असं अंतर ती निवडतात. 1964 च्या सुमारास मॅक्लेलंडनं आंध्रातल्या काकिनाडा शहरातले छोटे व्यापारी-कारखानदार घेऊन त्यांना थोड्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं. पुढं पाहणी केली तेव्हा त्यांच्यातले बरेच जण, प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या मानानं, धंद्यात अधिक हालचाल करताना दिसले. तेव्हा ‘आमच्या घराण्यात, आमच्या जातीत धंदा नाही’ ही सबब आता कोणी सांगू नये. आणि जोखीम घेणं म्हणजे डोळे मिटून उडी मारणं, हा गैरसमजही मनातून काढून टाकावा. लॉटरीचं तिकीट घेणारा उद्योजक नव्हे.

पण काही गोष्टी बदलता येत नाहीत, हेही तितकंच खरं. त्या वेळी काय करायचं, हे लक्ष्मणराव किर्लोस्करांकडून शिकावं. 1869 चा जन्म. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, आणि तिथं लक्षात आलं की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठी अडचण कोणती? त्यांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यांत्रिक रेखाचित्रण शिकले, ते व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. एका दरवाजाला कडी लागली तेव्हा आपल्यात शिल्लक काय आहे, हे त्यांनी पाहिलं आणि त्यावर आयुष्य उभं केलं.

पुढं बेळगावात सायकलींचं दुकान निघालं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. नोकरी न सोडता घेतलेली ही धंद्याची परीक्षाच होती. मग लक्ष्मणरावांनी नांगर बनवायला घेतला. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते, असं शेतकऱ्यांना वाटे; पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. 1910 साली औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयानं कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तिथं लक्ष्मणराव एकटे नव्हते. वसाहतीचा कारभार बघायला रामूअण्णा होते, यंत्रांचे जाणकार शंभोराव जांभेकर होते, हिशेबाला मंगेशराव रेगे होते. आपल्याला काय येत नाही हे ज्याला कळतं, त्यालाच योग्य भागीदार शोधता येतो. ‘मला सगळंच येतं’ म्हणणाऱ्याकडं चांगली माणसं टिकत नाहीत.

आता ही परीक्षा घ्यायची कशी, ते सांगतो. यासाठी एक वही पुरे.

पहिल्या पानावर एक आकडा लिहा: या उद्योगात मी जास्तीत जास्त किती पैसा आणि किती वर्षं घालवू शकतो, आणि ती गेली तरी घर चालेल? सरस सरस्वती या मूळच्या भारतीय संशोधिकेनं मुरलेले उद्योजक विचार कसा करतात ते तपासलं. तिला आढळलं की किती मिळेल यापेक्षा किती गेलं तर चालेल, हे ही माणसं आधी ठरवतात. मी कोण आहे, मला काय येतं आणि माझ्या ओळखीचं कोण आहे, इथून ती निघतात. लिहिलेला आकडा घरच्यांना दाखवा. नवरा, बायको, आई-वडील यांच्यापुढं तो आकडा वाचताना तुमचा आवाज अडखळला, तर तो आकडा तुमचा नाही.

दुसरी परीक्षा नकाराची. ओळखीच्या कोणालाही न विकता, अनोळखी माणसांना काहीतरी विकून बघा. लोणची असोत, शिकवणी असो, दुरुस्तीचं काम असो. चार जणांनी ‘नको’ म्हटल्यावर पाचव्याच्या दारावर टकटक करताना हात कसा उचलतो, याची नोंद करा. उधारी मागायला जमतं का, हेही इथंच कळेल. आपल्याकडं कितीतरी चांगले कारागीर बुडाले ते हात वाईट होता म्हणून नव्हे. स्वतःचे पैसे मागायची लाज वाटली म्हणून.

तिसरी परीक्षा माणसांची. तुमच्याबद्दल तीन जणांना विचारा: ज्याच्या हाताखाली तुम्ही काम केलं तो, ज्यानं तुमच्या हाताखाली काम केलं तो, आणि ज्याचे पैसे तुम्ही कधीतरी देणं लागत होता तो. मित्रांना विचारू नका, ते तुमचंच म्हणणं तुम्हाला परत ऐकवतील. या तिघांनी सांगितलेलं खोडून न काढता लिहून घ्या.

चौथी परीक्षा निर्णयांची. प्रत्येक महत्त्वाचा निर्णय तारखेसह, कारणासह वहीत उतरवा आणि सहा महिन्यांनी वाचा. यश आलं असेल तर ते तुमच्या हिकमतीनं आलं की परिस्थितीनं, हे तिथं दिसेल. इथल्या फॅन्सी मार्केटचंच बघा. परदेशी वस्तू मिळणं दुर्मिळ होतं तेव्हा हा बाजार त्या मालासाठी गावभर प्रसिद्ध होता. 1991 नंतर आयात मोकळी होत गेली आणि तोच माल चौकाचौकात मिळू लागला. अशा वेळी टंचाई संपते आणि गिऱ्हाईक ओळखण्याची, भाव राखण्याची, नवा माल शोधण्याची अक्कल तेवढी दुकानदाराजवळ उरते. आपल्या यशात त्या अकलेचा वाटा किती, हे चांगल्या दिवसांतच तपासून ठेवावं.

या परीक्षांचं उत्तर ‘पास’ किंवा ‘नापास’ असं येणार नाही. कोणाला कळेल की आपण विकण्यात तरबेज आहोत पण हिशेबात कच्चे; त्यानं हिशेबनीस भागीदार शोधावा. कोणाला कळेल की शिकायला अजून दोन वर्षं दुसऱ्याच्या दुकानात काढायला हवीत. त्यात कमीपणा काही नाही. आणि कोणाला कळेल की आपल्याला अनिश्चितपणा सोसत नाही, पण नेमून दिलेलं काम आपल्याइतकं चोख कोणी करत नाही. अशा माणसानं दुसऱ्याच्या उद्योगाचा कणा व्हावं. किर्लोस्करवाडी शंभोरावांशिवाय आणि रेग्यांशिवाय उभी राहिली नसती, आणि त्यांचं मोल मला लक्ष्मणरावांपेक्षा तसूभरही कमी वाटत नाही.

एका गुणाला मात्र पर्याय नाही, आणि त्यात मी कोणाला सवलत देणार नाही. भागीदार आणता येतो, कौशल्य शिकता येतं, भांडवल कर्जानं मिळतं. पण सचोटी उसनी मिळत नाही. मुशीला चिकटलेला कण परत न करणाऱ्या माणसानं उद्योगात पडू नये. त्यानं आधी स्वतःला बदलावं.

गावापासून हजारेक मैलांवर येऊन तुमच्या वाडवडिलांनी इथं पाय रोवले. त्यांनी या कसोट्या पुस्तकात वाचल्या नव्हत्या, रोज दिल्या होत्या. तुमच्या पिढीजवळ शिक्षण आहे, थोडी शिल्लक आहे, आणि पडलात तर सावरायला माणसं आहेत. त्यांच्यापेक्षा तुमची सुरुवात पुष्कळ सोपी आहे. मग तुम्ही थांबलात कशासाठी? आज घरी गेल्यावर वहीचं पहिलं पान उघडा आणि तो आकडा लिहा. आणि दुकानदार मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे: या मुलांपैकी एकेकाला वर्षभर आपल्या पेढीवर उमेदवारीला घ्या आणि त्याचं खरं काय ते त्याला तोंडावर सांगा. पुढच्या वसंतात या व्यासपीठावर त्यांच्यातलाच कोणी बोलायला उभा राहावा, असं मला मनापासून वाटतं.