सहल आपली, आपल्यासाठी
(वर्धापनदिनाच्या मेळाव्यातील भाषण)



खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानात मंडळाची दोन दिवसांची सहल न्यावी, मुलांना मात्र घरी ठेवावे, असे मी सुचविले तेव्हा काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. आई ती कसली, अशी कुजबुजही झाली. पण तेथल्या मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते. लेकरू बरोबर असले म्हणजे आई खाली पिशव्या राखीत उभी! जत्रेतही आपले हेच होत आले आहे.

म्हणून बेत असा. पौषात लग्नकार्ये नसतात. तेव्हाचा शनिवार-रविवार धरावा. शुक्रवारी रात्री परभणीहून देवगिरी एक्सप्रेसने निघावे, पहाटे कल्याणला उतरून खोपोलीची लोकल धरावी. एस.टी.ने जायचे म्हटले तर १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मेच भाडे आहे. खर्चासाठी भिशीतून दरमहा थोडे बाजूला काढावे. रक्तदाब वा हृदयविकार असेल त्यांनी वेगाच्या पाळण्यांत बसू नये. माझ्याजवळ बसून गप्पा माराव्यात.

मागे घरी भाकरी कोण थापील? ज्यांना भूक लागेल ते! आपल्यावाचून दोन दिवस घर चालते, हे त्यांना कळावे आणि आपल्यालाही. नावे आजच द्या.