दुखण्याचे नाव कळले पाहिजे



मी सातवी शिकलेली बाई. मला भाषण येत नाही. माझ्या हातांची हकीकत तेवढी सांगते.

सहा वर्षांपूर्वी सकाळी उठले की माझी बोटे वळेनात. ऊन वर आल्याशिवाय भाकरी थापता येईना. दोन्ही हात सुजत. घरची म्हणाली, "बिंदुसरेच्या धरणावरचा गार वारा बाधला, वात आहे." मी कुणाकडून तरी पुड्या आणल्या. चार दिवसांत बरे वाटले. पण पुढे तोंड सुजले, आणि पुडी सोडली की दुखणे दुप्पट. अशी दोन वर्षे गेली नि हे बोट कायमचे वाकडे झाले. मग मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासून नाव सांगितले : आमवात. शरीराची राखण करणारी शक्तीच सांध्यांवर उलटते. राखणीचा कुत्रा घरच्यांनाच चावू लागावा, तसे.

हे दुखणे माझ्या एकटीचे नव्हे. पुणे जिल्ह्यात भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघर पाहणी केली. ४ हजारांवर मोठ्या माणसांत आमवाताचे रोगी हजारात सुमारे ५ निघाले. त्यात बायकाच अधिक असतात.

मला आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी मिळाली. ती चुकूनही रोज घ्यायची नसते. मला गुण आला. दवाखान्यात शेजारी बसणाऱ्या बाईला मात्र त्याच गोळीने आला नाही. असे का? प्रयोगशाळेचे शिक्षण घेणाऱ्या लेकीने मला समजावले. प्रत्येक पेशीत जनुके तीच असतात, पण सगळी एकदम कामाला लागत नाहीत. घरात भांडी सगळी असतात, पण मोरीतली खरकटी भांडी पाहिली की आज काय शिजले ते कळते. तसे रक्तातल्या पेशींत कोणती जनुके जागी आहेत, हे शास्त्रज्ञ तपासतात. ल्युपस नावाचा असाच एक रोग आहे. त्याच्या पुष्कळ रोग्यांत इंटरफेरॉन या द्रव्याने जागी होणारी जनुके फार जोरात असतात, असे २००३ साली अमेरिकेत दिसून आले. त्याच वाटेवर घाव घालणारे अ‍ॅनिफ्रोलुमॅब हे औषध तिथे २०२१ साली मंजूर झाले.

कोणत्या बाईला कोणते औषध लागू पडेल, हे अशा तपासणीने आधीच कळावे, ही खटपट चालू आहे. आज ती बहुतेक संशोधनातच आहे. पण आमवात ओळखायला तिची वाट पाहावी लागत नाही. आर. ए. फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या आजही होतात.

म्हणून बायांनो, सकाळी तासभर बोटे आखडतात, दोन्ही हातांचे सांधे सुजतात आणि सहा आठवडे झाले तरी ओसरत नाहीत, तर 'वात आहे' म्हणून अंगावर काढू नका. अनोळखी पुडी खाऊ नका. डॉक्टरांना गाठा, दुखण्याचे नाव विचारा. माझे बोट आता सरळ होणार नाही. तुमचे वाकडे होऊ नये, एवढ्यासाठी उभी राहिले.

चुकले असेल तर पदरात घ्या. इतके बोलून मी खाली बसते.