दारातील पिकअप आणि चोराची पाच मिनिटे



आमच्या सफाळ्याकडे पहाट होते ती गाडीच्या आवाजाने. पहिली लोकल यायची असते, कोंबडा आरवायचा असतो, पण त्याच्याही आधी कुठल्यातरी वाडीतून एखादी पिकअप भाजीची पोती नि क्रेट भरून निघालेली असते. केळव्या-माहीमकडची पाने, एडवण-दातिवऱ्याकडची मासळी, खेड्यापाड्यांतला भाजीपाला, गवत, पेंढा, लग्नाचा मांडव, वेळप्रसंगी आजारी माणूसदेखील ह्याच गाडीतून जातो. पूर्वी ज्याच्या दारी बैलजोडी त्याचे घर भरलेले समजत. आज तो मान पिकअपला आला आहे.

पण बैलात आणि पिकअपमध्ये एक मोठा फरक आहे. अनोळखी माणसाने दावे सोडले तर बैल मुकाट्याने त्याच्यामागे जाईलच असे नाही. तो हुंदडेल, शिंग उगारील, निदान गोठ्यात गलका तरी होईल. पिकअपचे तसे नाही. जो किल्ली फिरवील त्याची ती. आणि तरीही गंमत पाहा, बैल गोठ्यात बांधल्याखेरीज घास न घेणारा शेतकरी लाखो रुपयांची, कर्जाने घेतलेली गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून, किल्ली तिलाच लटकती ठेवून, खुशाल चहाला जातो. विचारले तर म्हणतो, “मास्तर, आपल्या गावात कोण नेतोय? सगळी ओळखीची माणसं.”

गावातली माणसे ओळखीची असतात हे खरे. पण रस्ता ओळखीचा नसतो. सफाळ्याहून तांदुळवाडीचा घाट उतरला की वरई फाट्याला आपण मुंबई-अहमदाबाद महामार्गावर येतो. तिथून डावीकडे वळले तर मनोर, चारोटी नि पुढे आच्छाडची हद्द ओलांडून गुजरात. उजवीकडे वळले तर खानिवडे, वसई, मुंबई. रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी दुसऱ्या राज्यात जायला दीड-दोन तास पुरतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये खारवाडेश्री ते नारंगी अशी रो-रो फेरी सुरू झाली, तेव्हापासून खाडीपलीकडे विरारला वाहन नेण्याचीही सोय झाली. ह्या सोयी आपल्या मालासाठी झाल्या आहेत. पण रस्ता कुणालाही नाही म्हणत नाही. म्हणून गाडी गेल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ती जागची हलणार नाही, हे पाहणे शहाणपणाचे.

चोराचे खरे भांडवल म्हणजे वेळ आणि शांतता. पाच मिनिटांत काम झाले तर तो गाडी नेतो. वीस मिनिटे लागणार, ठोकाठोक करावी लागणार असे दिसले तर पुष्कळदा तो पुढच्या दाराशी जातो. कोणतेही कुलूप चोराला कायमचे अडवीत नाही. कुलूप त्याची मिनिटे खाते, एवढेच. आपण मिनिटे वाढवीत जायचे, ह्या दृष्टीने सारे उपाय पाहावेत.

पहिली गोष्ट किल्लीची, आणि तीवर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. नव्या गाड्यांत इमोबिलायझर नावाची व्यवस्था असते. किल्लीच्या मुठीत एक बारीकशी चकती असते. तिची खूण इंजिनाच्या यंत्रणेला पटली तरच इंजिन चालू होते. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची झाली, आणि तारा जोडून मोटार पळविण्याचे जुने तंत्र तिथे फारसे चालेनासे झाले. मग चोरांनी काय केले? ते किल्ल्याच चोरू लागले. घरात शिरून, खुंटीवरची, टेबलावरची किल्ली उचलून. म्हणजे गाडी जितकी हुशार झाली तितकी किल्ली मोलाची झाली. आपल्या घरी ती कुठे असते? दाराच्या आतल्या खिळ्यावर, खिडकीतून हात घातला तर लागेल अशी. आणि दुसरी किल्ली? ती पहिलीच्याच कड्यात! हसू नका, मीही कित्येक वर्षे दोन्ही किल्ल्या एकाच कड्यात अडकवून हिंडत होतो. एकदा त्या बाजारात हरवल्या, तेव्हा दुसरी किल्ली कशासाठी देतात ते कळले. दुसरी किल्ली कपाटात, कागदपत्रांबरोबर ठेवावी. चालक बदलला, त्याने परस्पर नवी किल्ली करून घेतल्याचा संशय आला, तर कुलूप बदलून घ्यावे. तो खर्च जिवावर येतो, हे मान्य.

जुन्या गाडीला ही व्यवस्था नसेल तर साधे उपाय आहेत. १९४० साली इंग्लंडवर जर्मन सैन्य उतरेल अशी धास्ती होती, तेव्हा तिथल्या सरकारने हुकूम काढला की रात्री मोटार उभी करताना ती चालू होऊ नये अशी करून ठेवा. लोक इंजिनातला रोटर नावाचा लहानसा भाग काढून खिशात घालून झोपायला जात. आपल्या डिझेल गाडीत तो भाग नाही. पण युक्ती तीच. बॅटरीच्या तारेवर बंद करण्याचा खटका बसविता येतो. जुन्या पद्धतीच्या पंपाची डिझेल गाडी ढकलूनसुद्धा चालू होते, म्हणून तिला नुसता बॅटरीचा खटका पुरत नाही. डिझेलच्या नळीवर चांगल्या मिस्त्रीकडून छपवा कॉक बसवून घ्यावा. त्याची जागा घरातल्या दोघांना ठाऊक असली म्हणजे झाले. चहाच्या टपरीवर तिची वर्णने करू नयेत.

सुकाणूचे कुलूप, गिअरचे कुलूप ही तयार मिळतात. त्यांत दिसण्याचाही फायदा आहे. काचेतून डोकावणाऱ्याला पिवळाधमक दांडा दिसला की त्याच्या मनातली मिनिटे वाढतात. दातिवऱ्याचा कोळी होडी नांगरल्याशिवाय, दोर पक्का केल्याशिवाय घरची वाट धरीत नाही. भरती-ओहोटी कुणाची वाट पाहत नाही, हे तो जाणतो. तसा जाड साखळदंड चाकातून काढून अंगणातल्या खांबाला अडकविला तर त्यात कमीपणा काही नाही. गाडी भिंतीकडे तोंड करून लावावी, पुढची चाके वळवून ठेवावीत, शक्य तर उजेडाखाली लावावी. स्टेपनी, बॅटरी आणि डिझेलची टाकी ह्यांनाही कुलूप हवे, कारण सारी गाडी नेण्यापेक्षा हे नेणे सोपे. काही वर्षांमागे मुंबई-पुण्याकडे ईको व्हॅनचे सायलेन्सर चोरीला जाऊ लागले, तेव्हा लोकांना प्रथम नवल वाटले. त्यातल्या धूर गाळणाऱ्या भागात प्लॅटिनमच्या जातीचे मौल्यवान धातू असतात, त्यासाठी हा उद्योग होता.

आता जीपीएस यंत्राविषयी. काड्यापेटीएवढे यंत्र, आत सिमकार्ड, आणि गाडी कुठे आहे ते फोनवर दिसते. चांगली वस्तू आहे. पण तिचा भरणा वेळेवर करावा लागतो, डोंगराआड रेंज जाते, आणि समोरच दिसेल असे बसविले तर चोर पहिल्या मिनिटाला ते उपटून फेकतो. फास्टॅगचेही तसेच. खानिवड्याला किंवा चारोटीला पैसे वळते झाल्याचा संदेश आला तर गाडी कोणत्या दिशेला गेली हे कळते; म्हणून फास्टॅगला जोडलेला फोन नंबर आपलाच आणि चालू असलेला असावा. विक्रेत्याने घाईत कुणाचातरी टाकलेला नसावा. मात्र फोनवर ठिपका हलताना दिसला म्हणून चार पोरे घेऊन स्वतः पाठलागाला निघू नये. तो ठिपका पोलिसांना दाखवावा.

कागदांबाबत एक जुनी सवय मोडली पाहिजे. मूळ आर.सी. आणि विम्याचा कागद गाडीच्या खणात ठेवण्याची. २०१८ पासून डिजिलॉकर आणि एम-परिवहन ह्यांतील कागद तपासणीत ग्राह्य धरले जातात. मग मूळ कागद चोराला आयते कशाला द्यावेत? गाडीबरोबर कागद मिळाले तर ती विकणे किती सोपे! चेसिसवरचा सतरा अक्षरांचा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक वहीत उतरून ठेवावा. सगळ्या काचांवर गाडीचा नंबर कोरून घ्यावा.

एवढे करूनही गाडी गेली, तर आता मिनिटे आपली मोजायची. आधी ११२ ला फोन. नंबर, रंग, हौद्यावर काय लिहिले आहे, पुढचा कोणता दिवा फुटका आहे, शेवटची कुठे पाहिली, एवढे धीराने सांगावे. मग ठाण्यात जाऊन फिर्याद. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनाच्या चोरीचा स्वतंत्र उल्लेख आहे; कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडी वाशीच्या बाजारातून गेली असली तरी फिर्याद जवळच्या कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीची सबब चालत नाही. फिर्याद ईमेलने कळविली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. फिर्यादीची नक्कल मोफत मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नये. त्याच दिवशी विमा कंपनी, कर्ज देणारी संस्था आणि आर.टी.ओ. ह्यांना लेखी कळवावे.

विम्याविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. तो गाडीने दुसऱ्याचे नुकसान केले तर उपयोगी. चोरीची भरपाई त्यातून छदामही मिळत नाही. तिच्यासाठी ज्याला आपण ‘फुल विमा’ म्हणतो तो लागतो. आणि फुल विमा असला तरी गाडीची किंमत वर्षागणिक उतरते. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा धरतात. जी रक्कम येते ती आधी कर्ज देणाऱ्याकडे जाते, आणि तोवर हप्ते चालूच असतात. गाडी नाही, धंदा नाही, हप्ता मात्र आहे, अशी अवस्था ज्या घराने पाहिली त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. एखादी आधीच हरवली असेल तर तेव्हाच गहाळ झाल्याची नोंद करून ठेवावी, चोरी झाल्यावर नव्हे. पोलिसांना गाडी सापडली नाही की तपास बंद करताना ‘अ’ समरी होते; तो कागदही दाव्याला लागतो. एका ट्रॅक्टरच्या चोरीत मालकाने फिर्याद त्याच दिवशी दिली, पण विमा कंपनीला कळवायला ५२ दिवस लागले. कंपनीने दावा नाकारला. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की फिर्याद तत्काळ दिली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळविले म्हणून दावा नाकारता येत नाही. दुसऱ्या एका खटल्यात चालक किल्ली गाडीतच ठेवून उतरला होता. २०२३ साली न्यायालयाने मालकाला ७५ टक्के रक्कम देवविली. न्याय मिळाला हे खरे, पण चौथा हिस्सा गेला, आणि वर्षे गेली ती वेगळीच. शिक्षक मित्रांना इथे एक विनंती करतो. विम्याचे कागद बहुधा इंग्रजीत असतात. पालकसभेला आलेल्या मंडळींना, “तुमचा कागद आणा, थर्ड पार्टी आहे की फुल, आणि मुदत कधी संपते ते वाचून दाखवतो,” असे सांगितले तर फार मोठे काम होईल.

चोऱ्या वाढल्या की गावात रात्रीच्या गस्तीची भाषा निघते. गस्त अवश्य असावी, पण पोलीस पाटलांना आणि ठाण्याला सांगून, नावांची यादी देऊन. आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० च्या रात्री काय झाले ते आपण विसरलेलो नाही. टाळेबंदीचे दिवस होते, चोर हिंडत असल्याच्या अफवा गावोगाव पसरल्या होत्या, आणि त्या भीतीपोटी जमलेल्या जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक अशा तिघांचा जीव घेतला. ते चोर नव्हते. वाट चुकलेली अनोळखी गाडी नि चोराची गाडी अंधारात सारखीच दिसते. गस्तीवाल्याचे काम नंबर टिपण्याचे, शिट्टी वाजविण्याचे आणि ११२ ला कळविण्याचे. डोळ्यांदेखत चोरी करणाऱ्याला सामान्य माणूस धरू शकतो, पण त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली केले पाहिजे, असा कायदा आहे. हात उगारण्याचा अधिकार त्यात कुठेही नाही.

जाता जाता खरेदीचे बोलतो, कारण चोरीचा माल कुणीतरी घेतो म्हणूनच तो चोरला जातो. जुनी पिकअप घ्यायला आपली माणसे दूरदूर जातात आणि भाव ऐकून भाळतात. आर.सी. वरील चेसिस क्रमांक प्रत्यक्ष चेसिसवर, बोटाने चाचपून ताडून पाहावा. आकडे वाकडेतिकडे, घासलेले, ताज्या रंगाखाली दडलेले दिसतात का ते पाहावे. नंबरपाटीवरील होलोग्राम आणि परत न उघडणारी खीळ शाबूत आहे का, कर्ज फिटल्याचा दाखला आहे का, विकणारा माणूस आर.सी. वरचाच आहे का, हे विचारावे. चोरीची निघाली तर पोलीस गाडी जप्त करतात, पैसे बुडतात, आणि माल चोरीचा आहे हे ठाऊक असून घेतला असे ठरले तर खटला आपल्यावरच. तेव्हा विकणारा, “कागद मागाहून पाठवतो हो दादा,” म्हणाला, तर भाव कितीही उतरवला तरी पैसे बंडीच्या आतल्या खिशातच ठेवावेत, चहा घ्यावा, आणि परत सफाळ्याची गाडी धरावी.